विज्ञान शिक्षकाने पुढे काय शिकावं? कोकणात राहून, नोकरी सांभाळून

खाडीपलीकडे

नमस्कार मंडळी,

थेट विचारते. बी.एस्सी., बी.एड. करून माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाला पुढे खरोखर शिकायचं असेल, तर त्याने काय करावं? एम.एड.? एम.ए. शिक्षणशास्त्र? आपल्या विषयात एम.एस्सी.? की सरळ पीएच.डी.चा विचार करावा? आणि यातलं काही नोकरी न सोडता, गुहागर तालुक्यातल्या गावात राहून जमण्यासारखं आहे का? आम्हाला रत्नागिरी गाठायची तरी तवसाळ-जयगडच्या फेरीबोटीची वेळ बघून निघावं लागतं. मुंबई-पुणे तर लांबच.

माझा विषय रसायनशास्त्र. पण शाळेत विज्ञानाची मी एकटीच. त्यामुळे आठवी ते दहावीचं भौतिक, रसायन, जीव सगळं माझ्याकडे, शिवाय नववीचं बीजगणित. बारा वर्षांनंतरच्या वरिष्ठ वेतनश्रेणीचं प्रशिक्षण झालेलं आहे. बाकीची प्रशिक्षणंही होत असतात. त्यांतून मूल्यमापनाची नवी पद्धत कळते, नोंदी कशा ठेवायच्या ते कळतं, आणि त्याची गरज आहेच. पण मला छळणारे प्रश्न वेगळे आहेत. विज्ञानात वर्गात पहिली येणारी मुलगी वस्तुमान आणि वजन यांच्या व्याख्या बिनचूक लिहिते. तीच मुलगी सहज बोलताना सांगते, की चंद्रावर वस्तू तरंगतात, कारण तिथे हवा नाही. पुढच्या वर्षी नवी मुलं येतात आणि तेच उत्तर घेऊन येतात. हे उत्तर येतं कुठून? मी शिकवल्यावरही ते टिकतं कसं? यावर जगात कुणीतरी अभ्यास केलेला असणारच. तो अभ्यास मला करायचा आहे.

अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावं.

प्रतिसाद: गऱ्याची_भाजी

वाचनखूण साठवली. देवगड तालुका, तीच परिस्थिती, तोच प्रश्न. कुणीतरी लिहा हो.

प्रतिसाद: कातळसडा

मॅडम, मी अध्यापक महाविद्यालयातून निवृत्त झालो, आता रत्नागिरीत असतो. मला माहीत आहे तेवढं सांगतो.

एम.एड. आधी. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमावलीनंतर ते दोन वर्षांचं झालं. पूर्णवेळ अभ्यासक्रम, ८० टक्के हजेरी. नोकरीतल्या माणसाला अध्ययन रजा मिळाल्याशिवाय ते प्रामाणिकपणे होत नाही, आणि एकच विज्ञान शिक्षक असलेल्या शाळेत ती रजा मिळवणं किती कठीण ते तुम्ही जाणता. पुढे अध्यापक महाविद्यालयात शिकवायचं मनात असेल तर मात्र एम.एड.चीच वाट धरा.

एम.ए. शिक्षणशास्त्र इग्नूमधून (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून) दूरस्थ पद्धतीने करता येतं, कमीत कमी दोन वर्षं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे शिक्षणशास्त्राचे अभ्यासक्रमही आहेत. प्रवेशाच्या अटी त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. पीएच.डी.साठी यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) २०२२ ची नियमावली वाचा. अर्धवेळ करता येते, त्यासाठी संस्थेचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, आणि महिलांना त्यावर आणखी मुदतवाढीची सवलत आहे.

विज्ञान शिक्षण हाच ज्यांच्या संशोधनाचा विषय आहे अशी आपल्याकडची मोठी संस्था म्हणजे मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. १९७४ मध्ये सुरू झालं, टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) भाग आहे. तिथे विज्ञान शिक्षणात पीएच.डी. होते, पण ती पूर्णवेळ.

आता माझं मत. वेतनश्रेणीसाठी पदवी घेणं यात कमीपणा काहीच नाही. चोवीस वर्षांनंतरच्या निवडश्रेणीचा विचार प्रत्येक शिक्षक करतो आणि त्याने करावाही. पण तुम्ही जे विचारताय ते त्या पदवीतून आपोआप मिळेल असं धरून चालू नका. पदवीचा अभ्यासक्रम निवडताना एकच गोष्ट तपासा. त्यात तुम्हाला तुमच्याच वर्गातल्या मुलांचं म्हणणं ऐकायला आणि त्याचा पुरावा गोळा करायला लावतात का? लावत असतील तर तो तुमचा अभ्यासक्रम. नसतील लावत तर ती पदवी घ्या, आणि हा अभ्यास तिच्या शेजारी स्वतः सुरू करा.

प्रतिसाद: वेतोबाच्या_गावचा

मॅडम, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी मूळ वेंगुर्ल्याकडचा, सध्या मुंबईत. विज्ञान शिक्षण हाच माझ्या संशोधनाचा विषय आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

"हे उत्तर येतं कुठून" हाच प्रश्न घेऊन १९७० च्या दशकाच्या शेवटाला इंग्लंड, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया इथल्या काही संशोधकांनी मुलांशी बोलायला सुरुवात केली. परीक्षा न घेता, समोर वस्तू ठेवून, "तुला काय वाटतं?" असं विचारत. इंग्लंडात रोझलिंड ड्रायव्हर यांनी यावर पायाभूत काम केलं. मूल कोरी पाटी घेऊन वर्गात येत नाही, रोजच्या अनुभवातून बनवलेलं स्वतःचं स्पष्टीकरण घेऊन येतं, आणि त्या स्पष्टीकरणाला स्वतःचं तर्कशास्त्र असतं, हा त्या कामाचा गाभा. तुमच्या मुलीचंच बघा. हवा नाही म्हणून वस्तू तरंगते, यात हवा वस्तूंना खाली दाबून ठेवते असं गृहीत आहे. तिने अंतराळवीरांची चित्रं पाहिली आहेत, अंतराळात हवा नसते हे पाठ केलं आहे, आणि दोन गोष्टी जोडल्या आहेत. उत्तर चुकीचं आहे, पण विचार केलेला आहे.

न्यूझीलंडमध्ये रॉजर ऑस्बर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युतधारेबद्दल असंच विचारलं. एक सेल, एक बल्ब, दोन तारा. मुलांची उत्तरं थोड्याच साच्यांत बसली. काहींच्या मते एका तारेतून वीज जाते आणि बल्बमध्ये संपते. काहींच्या मते दोन्ही टोकांकडून वीज येते आणि बल्बमध्ये आदळून उजेड पडतो. काहींच्या मते धारा फिरून परत येते, पण बल्बने थोडी खाल्लेली असते. आपल्या वर्गात विचारून बघा, हीच उत्तरं मराठीत ऐकू येतील. आणि तिसरं उत्तर देणारी मुलं ओहमच्या नियमावरची गणितं बरोबर सोडवतात, म्हणून ती कधी सापडत नाहीत.

१९८२ मध्ये पोस्नर आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की जुनी कल्पना सुटायला चार गोष्टी घडाव्या लागतात. तिच्यावर मूल असमाधानी व्हावं लागतं, नवी कल्पना त्याला समजावी लागते, ती पटण्याजोगी वाटावी लागते, आणि तिचा पुढे उपयोग दिसावा लागतो. आपण बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीवरच सगळी मेहनत घालतो. पहिली पायरी गाळतो.

आणखी एक नाव अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन. १९८६ साली त्यांनी विचारलं, विषय येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं, पण एखादा विशिष्ट धडा शिकवायला लागणारं ज्ञान यांपैकी कुठे बसतं? कुठल्या ठिकाणी मुलं अडतात, कुठलं उदाहरण दिलं तर उलट गोंधळ वाढतो, कुठला प्रश्न आधी विचारावा, हे ज्ञान विषयाच्या पुस्तकात नसतं आणि बी.एड.च्या पुस्तकातही नसतं. ते शिकवणाऱ्याकडे साठतं. विज्ञान शिक्षकाचं उच्च शिक्षण म्हणजे मुख्यतः हेच ज्ञान जाणीवपूर्वक साठवणं, तपासणं आणि लिहून ठेवणं, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवातीला एक तंत्र हातात घ्या. ऑस्ट्रेलियात व्हाइट आणि गनस्टन यांनी ते रूढ केलं: आधी अंदाज, मग निरीक्षण, मग स्पष्टीकरण. प्रयोग करण्याआधी प्रत्येक मुलाने काय होईल ते कारणासकट लिहायचं. लिहायचंच, नुसतं सांगायचं नाही. नाहीतर पहिलं हुशार मूल बोलतं आणि बाकीची माना डोलावतात.

प्रतिसाद: गऱ्याची_भाजी

हे रसायनात कसं करायचं? आमच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट.

प्रतिसाद: वेतोबाच्या_गावचा

कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस घ्या. त्यातला लाल रंग अँथोसायनिनचा, म्हणजे दर्शक (आम्ल-आम्लारीनुसार रंग बदलणारा पदार्थ) घरातच आहे. आगळ पाण्यात पातळ करा आणि विचारा, खाण्याचा सोडा टाकला तर रंगाचं काय होईल? दर्शकांचा धडा झालेला असेल तर बहुतेक मुलं लिहितील, लगेच बदलेल. प्रत्यक्षात पहिल्या चिमटीला नुसता फेस येतो आणि लाल रंग बराच टिकून राहतो, कारण आगळातलं आम्ल सोडा संपवत असतं. चिमटी-चिमटी टाकत गेलं की रंग जांभळट, मग निळसर, पुढे मळकट हिरवट होत जातो. "लगेच का नाही बदलला?" या प्रश्नात उदासिनीकरणाचा सगळा धडा आहे. आगळातल्या मिठाचा यात काही संबंध आहे का, असंही एखादं मूल विचारेल. त्याला तो प्रयोग करू द्या, बिनमिठाच्या कोकमावर.

प्रतिसाद: निकालाची_धास्ती

सगळ्यांबद्दल आदर ठेवून विरोधी सूर लावतो. मी रायगड जिल्ह्यात शिकवतो. वर्गात साठाच्या वर मुलं, तासिका पस्तीस मिनिटांची, फेब्रुवारीच्या आत अभ्यासक्रम संपवून सराव परीक्षा घ्यायच्या. पालक विचारतात टक्के किती, संस्था विचारते निकाल किती. साठ मुलांचे अंदाज लिहून घ्यायचे, वाचायचे, वर्गवारी करायची, हे कुणी करायचं आणि कधी? ड्रायव्हर, ऑस्बर्न, शुलमन यांच्या देशातले वर्ग आणि आपले वर्ग यांची तुलनाच होत नाही. आपल्या मातीत हे कुणी करून दाखवलंय का?

प्रतिसाद: कातळसडा

करून दाखवलंय, सर, आणि तेही मध्य प्रदेशच्या खेड्यांतल्या सरकारी शाळांत. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो उभा केला, टीआयएफआर आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ त्यात आले. १९८२ मध्ये एकलव्य संस्था निघाली आणि तिने तो पुढे नेला. सहावी ते आठवीची मुलं गटात बसून स्वतः प्रयोग करत, निष्कर्ष स्वतः लिहीत, परीक्षेत पुस्तक उघडायची मुभा असे, आणि प्रात्यक्षिकाची परीक्षा होई. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला, त्याचं दुःख आहेच. पण तीस वर्षं तो चालला, तो शिक्षकांच्या बळावर.

तुमच्या प्रश्नाशी संबंधित भाग पुढे आहे. तिथले शिक्षक उन्हाळ्यात प्रशिक्षणाला येत आणि मुलं करणार तेच प्रयोग स्वतः करत, अडत, शास्त्रज्ञांशी वाद घालत. वर्षभर मासिक बैठका होत. तिथे वर्गात काय फसलं ते बोललं जाई आणि त्यावरून पाठ बदलले जात. शिक्षकाचं उच्च शिक्षण याहून वेगळं काय असतं?

साठ मुलांचं म्हणाल तर साठही वह्या रोज वाचू नका. एका घटकाला एकच प्रश्न विचारा, चिठ्ठ्या घ्या, त्यांतल्या दहा-बारा काढून वाचा. साचे तेवढ्यातही दिसतात. शिवाय आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी शाळांत दहावीला पंधरा-वीसच मुलं असतात. पट कमी म्हणून शाळांवर टांगती तलवार आहे, त्याची काळजी मलाही आहे. पण जोवर ती शाळा चालू आहे तोवर तिथल्या शिक्षकाला प्रत्येक मुलाशी दहा मिनिटं बोलता येतं. मोठ्या शहरातल्या संशोधकाला ही सोय मिळत नाही. माझ्या मते कोकणातल्या लहान शाळेचा विज्ञान शिक्षक हा संशोधनासाठी सर्वांत चांगल्या जागी बसलेला माणूस आहे, आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

प्रतिसाद: निकालाची_धास्ती

चिठ्ठ्यांची कल्पना पटली. विद्युतधारेच्या धड्याला करून बघतो.

प्रतिसाद: खाडीपलीकडे

सगळ्यांचे मनापासून आभार. कातळसडा सर, तुमचा शेवटचा परिच्छेद मुख्याध्यापकांना वाचून दाखवला.

मी वाट न बघता सुरुवात केली. दहावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात भरती-ओहोटी येते. आमची अर्धी मुलं खारवी वाड्यातली, समुद्र त्यांच्या अंगणात. धडा घेण्याआधी कोरे कागद दिले आणि विचारलं: आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती का येते? चित्र काढा आणि कारण लिहा.

आलेली उत्तरं जशीच्या तशी देते.

"एक भरती चंद्राची, एक सूर्याची." हे बऱ्याच जणांनी लिहिलं.

"पाणी पलीकडच्या देशात जातं, तिथे भरती होते, मग परत येतं."

"चंद्र डोक्यावर आला की पाणी ओढतो. दुसरी भरती वाऱ्याने येते."

एका मुलाने पृथ्वी काढली, चंद्राच्या बाजूला पाणी फुगवलं, पलीकडच्या बाजूलाही फुगवलं, आणि शेजारी लिहिलं, "पुस्तकात असं चित्र आहे पण का ते माहीत नाही." मला हे उत्तर सर्वांत मोलाचं वाटलं.

आणि हीच मुलं आज पाणी किती वाजता चढेल हे घड्याळ न बघता सांगतात! मी भरतीचं कोष्टक काढून ताडून बघितलं, फार फरक नव्हता. कसं सांगता विचारलं तर म्हणाली, "बाबा सांगतात." यामागे काही हिशोब आहे का? दर्यावर्दी मंडळींपैकी कुणी इथे असेल तर सांगा.

प्रतिसाद: भांग_उधाण

बाई, मी हर्णैचा. शाळा दहावीपर्यंतच, पण हे सांगू शकतो. आमच्यात तिथीवरून हिशोब करतात. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला. दुपारची आणि रात्रीची, दोन्ही. त्याच्या आधी-मागे सहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. पुनव-अमावास्येच्या आसपास उधाण, पाणी लांब चढतं आणि लांब उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी फार हलत नाही. जाळी कधी लावायची, होडी खाडीतून कधी काढायची, सगळं याच्यावर. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं ते धरूनच चालायचं.

प्रतिसाद: वेतोबाच्या_गावचा

दादा, तुम्ही या धाग्याला फार मोठी गोष्ट दिलीत. माझे आजोबाही असाच हिशोब करायचे.

मॅडम, हा नियम वर्गात घेऊन जा आणि मुलांना तो तपासायला सांगा. काय सापडेल ते थोडं सांगून ठेवतो.

तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं १२ अंशांचं अंतर. तीस तिथींत ३६० अंश. म्हणजे भरतीची वेळ तीस तिथींत घड्याळाचे २४ तास सरकते. २४ तासांना ३० ने भागा, ४८ मिनिटं येतात. दादांचा नियम ४५ मिनिटं धरतो, कारण पाऊणकी तोंडपाठ असते आणि होडीवर तेवढा फरक चालतो. आता पौर्णिमेला काय होतं बघा. पंधरा पाऊण सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी वद्य प्रतिपदा, एक पाऊण पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. एरवी रोज पाऊण तास पुढे जाणारी भरती त्या एका दिवशी कागदावर दीड तास उडी मारते. समुद्र अशी उडी मारत नाही. मग त्या दिवसांत खरी वेळ काय असते? मुलांनी किनाऱ्यावर जाऊन काठी रोवून बघायचं. त्यांना असंही आढळेल, की उधाणाच्या दिवसांत रोजचा उशीर कमी असतो आणि भांगाच्या दिवसांत तो वाढतो. तुमच्या धड्यातली "चंद्रामुळे भरती" आणि "सूर्यामुळे भरती" या दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात त्या इथे.

"एक चंद्राची, एक सूर्याची" या उत्तरासाठी एक प्रश्न विचारा. तसं असतं तर अमावास्येला, चंद्र-सूर्य एकाच बाजूला असताना, दिवसात किती भरत्या आल्या असत्या? एकच यायला हवी. प्रत्यक्षात किती येतात हे खारवी वाड्यातल्या मुलांना विचारायचीही गरज नाही. पोस्नर यांची पहिली पायरी ती हीच, आणि ती तुम्हाला समुद्रच करून देतो.

आता तुमच्यासाठी, मुलांसाठी नव्हे. पृथ्वीवर सूर्याचं गुरुत्वाकर्षण चंद्राच्या जवळजवळ १८० पट आहे. तरी भरती घडवण्यात सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही थोडा कमी. का? बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतं, पण भरती बलामुळे होत नाही, पृथ्वीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूंवरच्या बलातल्या फरकामुळे होते. हा फरक अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. सूर्य फार लांब असल्याने त्याची ओढ मोठी असली तरी दोन बाजूंतला फरक लहान राहतो. पलीकडचा फुगवटाही याच फरकातून येतो: तिथल्या पाण्यावर चंद्राची ओढ पृथ्वीच्या केंद्रावरच्या ओढीपेक्षा कमी असते, म्हणून ते मागे राहतं. हे स्वतः कागदावर मांडून बघा. रसायनाच्या शिक्षकाने भौतिकात असं खोल उतरणं हाही उच्च अभ्यासच आहे, आणि तो पदवीशिवाय करता येतो.

प्रतिसाद: खाडीपलीकडे

मांडून बघितलं. रात्री साडेअकरापर्यंत बसले होते, पण तो घन कुठून येतो ते कळलं. आता चित्र काढणाऱ्या मुलाला मी उत्तर देऊ शकते. खरं तर त्याच्याकडूनच काढून घेऊ शकते.

पुढचा प्रश्न: हे सगळं कृती संशोधन, म्हणजे शिक्षकाने स्वतःच्याच वर्गावर केलेला अभ्यास म्हणून कसं लिहायचं?

प्रतिसाद: कातळसडा

आधी प्रश्न लहान करा. "भरती-ओहोटीचं अध्यापन प्रभावी करणे" हा विषय फार ढोबळ आहे. "दिवसातून दोन भरत्या का, याचं स्पष्टीकरण दहावीची मुलं स्थानिक नियम तपासल्यानंतर कसं बदलतात" हा विषय पेलण्याजोगा आहे.

आधीचे कागद जपून ठेवा, त्यांवर शेरे मारू नका. धडा झाल्यावर लगेच एकदा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एकदा तोच प्रश्न विचारा. नंतरचा कागद महत्त्वाचा, लगेचचा नव्हे, कारण लगेच विचारलं की मुलं तुमचंच वाक्य परत देतात. पाच-सहा मुलांशी स्वतंत्र बोला, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, पालकांची आणि मुख्याध्यापकांची परवानगी आधी घ्या. अहवालात मुलांची नावं घालू नका. सरासरी आणि टक्केवारी काढायची घाई करू नका. वीस मुलांच्या टक्केवारीपेक्षा वीस मुलांची वाक्यं जास्त सांगतात.

काम झालं की पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या नवोपक्रम स्पर्धेला पाठवता येईल, डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) मांडता येईल. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकाने वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. हे तास असे घालवणारे शिक्षक मला बघायचे आहेत.

प्रतिसाद: मालवणी_माणूस

बाई, माका विचारशात तर एम.एड. करताना गाईड (प्रबंधाचे मार्गदर्शक) बघून घ्या. मी रजा काढून केलं. पदवी मिळाली, वाचन खूप झालं, शैक्षणिक मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र पक्कं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रबंधाला विषय मिळाला "अभ्यास सवयी आणि शैक्षणिक संपादणूक यांचा सहसंबंध". प्रश्नावली वाटल्या, सहसंबंध गुणक काढला, बांधणी करून दिला. त्या दोन वर्षांत एकाही मुलाचं विज्ञानाबद्दलचं म्हणणं मी ऐकलं नाही. वरची चर्चा वाचली आणि वाटलं, हा प्रश्न घेऊन गेलो असतो तर तेच कॉलेज, तेच ग्रंथालय किती कामी आलं असतं. प्रश्न आधी, प्रवेश मागाहून. मी आता आठवीला घनतेवर काम सुरू करतोय. नारळ पाण्यात तरंगतो आणि खोबऱ्याचा तुकडा? मुलांचे अंदाज लिहून घेतो आणि इथे टाकतो.

प्रतिसाद: गऱ्याची_भाजी

मी आगळ आणि सोडा केलं. मिठाचा प्रश्न खरंच आला! बिनमिठाचं कोकम एका मुलीने घरून आणलं. सविस्तर वेगळा धागा काढते.

प्रतिसाद: खाडीपलीकडे

माझं ठरलं ते सांगते. इग्नूच्या एम.ए. शिक्षणशास्त्राचा अर्ज भरतेय. शिक्षणाचं तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र मला मुळापासून वाचायचं आहे, आणि माझ्या परिस्थितीत तेच जमेल. भरतीचं काम त्याच्या जोडीला, त्याची वाट न बघता. पीएच.डी.चा विचार एम.ए. झाल्यावर, तोपर्यंत हातात दोन-तीन वर्षांचे मुलांचे कागद असतील.

आमच्या पाच शाळांतल्या विज्ञान शिक्षकांनी महिन्यातून एका शनिवारी दुपारी भेटायचं ठरवलंय, होशंगाबादच्या मासिक बैठकांसारखं. प्रत्येकाने एका प्रश्नाची मुलांची उत्तरं घेऊन यायची, एवढाच नियम. गुहागर-दापोलीकडचं कुणी येणार असेल तर निरोप टाका.

आणि एक मागणं. पाऊणच्या नियमाची तपासणी एकाच किनाऱ्यावर करून भागणार नाही. अलिबाग, हर्णै, देवगड, मालवण, वेंगुर्ला इथल्या कुणाला शक्य असेल तर पुढच्या पौर्णिमेच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन दिवस नोंद ठेवा: ठिकाण, तारीख, तिथी, पाणी सर्वांत वर असतानाची वेळ. रात्री कुणी जाऊ नका, दिवसाचीच पुरे. उधाणात मुलांना एकटं पाठवू नका.

प्रतिसाद: भांग_उधाण

बाई, हर्णैची नोंद माझ्याकडे लागली. पण उघड्या किनाऱ्याची घेऊ की खाडीतली? खाडीत आत पाणी उशिरा चढतं.

प्रतिसाद: खाडीपलीकडे

दोन्ही घ्या दादा, वेगवेगळ्या रकान्यांत. किती उशिरा आणि का, हे नववीला विचारते.